कुंपणापलीकडे विचारून पाहा

भाद्रपद संपत आला की आमच्या पालघर-बोईसरकडे भाजीबाजारात, लोकलच्या डब्यात, देवळाच्या पायरीवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. 'काय म्हणतेय तुमची बाग?' प्रश्न चार शब्दांचा असतो, उत्तर मात्र लांबत जाते. कुणाची तुळस पावसात गेलेली असते. कुणाच्या काकडीवर केवडा रोग पडलेला असतो. कुणाकडे पडवळ एवढे धरलेले असतात की आळीभर वाटूनही उरतात. ऐकणारा मान डोलावतो आणि आपले गाऱ्हाणे सुरू करतो.

मी पस्तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. आता पालघरला राहते. घरामागे दोन गुंठ्यांची परसबाग आहे. आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी अंगणात जमतो. या मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. चहा होतो आणि प्रत्येकाने आपल्या बागेत सध्या काय चालले आहे ते सांगायचे, एवढाच नियम. या गप्पांतून मला एक गोष्ट उमगली, ती आज तुम्हाला सांगावीशी वाटते. आपल्या एकट्याच्या बागेत काय झाले ते दिसते. ते का झाले, हे मात्र पुष्कळदा दहा बागा शेजारी ठेवून पाहिल्यावरच कळते.

आधी आमचा मुलूख सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. पश्चिमेला समुद्र. केळवे, माहीम, सातपाटी, तारापूर, चिंचणी ही किनाऱ्यावरची गावे. हे माहीम मुंबईचे नव्हे, पानवेलीच्या वाड्यांचे. किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटर आत आले की रेल्वे लागते. सफाळे, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही तिच्यावरची ठिकाणे. त्याही पूर्वेला डोंगर आणि सूर्या नदीचे खोरे. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. एवढ्याशा पट्ट्यात माती तीनदा बदलते. किनाऱ्याला शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू, रुळांच्या आसपास भातखाचरांची चिकण काळी माती आणि डोंगराकडे तांबडा मुरूम.

पावसाचा हिशेब मात्र सर्वांना एकच. हवामान खात्याने २०२० साली सुधारलेल्या तारखांनुसार मोसमी पाऊस मुंबईत साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. आमच्याकडे त्यात एक-दोन दिवसांचा फरक. म्हणजे चार महिने पाण्याचा सुकाळ आणि आठ महिने कोरडे. या दोहोंच्या सांध्यावर, भाद्रपद-आश्विनात, बागेची वर्षभराची दुखणी एकदम वर येतात.

सर्वांत जास्त ऐकू येते ती पाने पिवळी पडल्याची तक्रार. मागच्या बैठकीत पालघरच्या एका वहिनींनी ती सांगितली आणि लगेच चिंचणीच्या एका काकांनीही 'आमच्याकडेही तेच' म्हटले. मी विचारले, कोणती पाने, जुनी की नवी? वहिनींची खालची जुनी पाने पिवळी होती. काकांची शेंड्याची कोवळी पाने पिवळी होती आणि त्यांच्या शिरा हिरव्याच राहिल्या होत्या. तक्रार एक वाटली तरी दुखणी दोन निघाली.

यामागचे कारण असे. नत्र झाडाच्या अंगात फिरते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून आधी जुनी पाने पिवळी होतात. चार महिन्यांच्या पावसात मातीतले नत्र पाण्याबरोबर वाहून गेलेले असते. कुंडीतले तर फारच लवकर जाते. लोहाचे तसे नाही. एकदा पानात बसले की ते सहसा हलत नाही, म्हणून त्याची उणीव नव्या पानांत दिसते. चिंचणीच्या वाळूत शिंपल्यांचा चुना आहे. अशा मातीत लोह असले तरी मुळांना ते घेता येत नाही.

आता उपाय पाहा. वहिनींनी वरची दोन बोटे माती मोकळी करून दोन ओंजळी कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घालावे, एवढे पुरते. काकांनी मात्र अंड्याची टरफले आणि चुलीतली राख घालणे आधी थांबवायला हवे, कारण दोन्हींमुळे चुनखडीचा अंश वाढतो. त्यांनी कंपोस्ट भरपूर द्यावे आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारे चिलेटेड लोह पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पानांवर फवारावे. एकमेकांचे औषध त्यांनी वापरले असते तर दोघांचेही पैसे वाया गेले असते. कुंडीच्या तळाचे भोक बुजले आहे का, हेही दोघांनी पाहावे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. पावसाळ्यात मरणाऱ्या बहुतेक तुळशी गुदमरून मरतात.

दुसरे उदाहरण कंटोळीचे. पावसाळ्यात आमच्या बाजारात आदिवासी बायका रानातली कंटोळी विकायला आणतात. त्यांच्याकडून कंद मागून घेऊन काहींनी परसात वेल लावले आहेत. एका घरी दोन वर्षे वेल पिवळ्या फुलांनी लगडतो, पण फळाचे नाव नाही. तीन आळ्या पलीकडे दुसऱ्या घरी बारीक काटेरी फळे दिसतात, पिवळी होतात आणि गळतात. दोघींनीही खते बदलली, पाणी बदलले, एकीने तर नारळही फोडला.

कंटोळीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. पपईसारखेच. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली चिमुकले काटेरी फळ आधीच दिसते. नर फुलाखाली नुसता बारीक देठ असतो. एकीकडे फक्त नर होता, दुसरीकडे फक्त मादी. फुले संध्याकाळी उमलतात. तेव्हा एकीने चार-पाच नर फुले वाटीतून दुसरीकडे न्यायची आणि त्यांचे पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचे, असे ठरले. पंधरा-वीस दिवसांत कंटोळीची भाजी दोन्ही घरी झाली, कारण अर्धी फळे परत नर वेलाच्या घरी पोचवायची असा करारच होता. आता त्यांनी एकमेकींना कंद दिले आहेत. आठ-दहा मादी वेलांना एक नर वेल पुरतो.

तिसरी गोष्ट शेवंतीची. बोईसरच्या एका वसाहतीत एकाच रोपवाटिकेतून आणलेली शेवंतीची रोपे चौघांनी वाटून घेतली. दिवाळीच्या सुमारास तिघांकडे कळ्या आल्या, चौथ्याकडे नुसती पाने. माती तीच, खत तेच. शेवटी कुणीतरी रात्री जेवणानंतर चक्कर मारली तेव्हा उलगडा झाला. चौथ्याची कुंडी रस्त्यावरच्या दिव्याच्या बरोबर खाली होती.

शेवंतीला रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरता येत नाही. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात, पुढे रात्र वाढत जाते आणि ही वाढ शेवंतीची पाने मोजतात. मध्येच दिव्याचा उजेड पडत राहिला तर झाडाच्या लेखी रात्र होतच नाही. फुलांचे व्यापारी उत्पादक हाच गुण वापरून दिवे लावतात आणि बहर लांबवतात. घरी उपाय सोपा आहे. कुंडी घराच्या अंधाऱ्या बाजूला हलवावी. हलवणे शक्य नसेल तर संध्याकाळी सहाला त्यावर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे, सकाळी सातला काढावे आणि कळ्या दिसेपर्यंत हा नेम ठेवावा. लाल पानांच्या पॉइन्सेटियालाही हेच लागू.

काही दुखणी मुळातच शेजारून येतात. केळवे-माहीमकडून एक तक्रार अशी आली की केळीच्या आणि अळूच्या पानांवर काजळी धरते, कितीही पुसली तरी परत येते. कारण वर, नारळावर होते. आणि नारळ शेजाऱ्याचा! नारळाच्या झावळीच्या खालच्या बाजूला पांढऱ्या माशीने चक्राकार अंडी घातली होती. ही रुगोज चक्राकार पांढरी माशी भारतात प्रथम २०१६ साली तमिळनाडूत आढळली आणि तिथून पसरत गेली. ती झाडाचा रस पिते आणि गोड चिकट पाणी टाकते. ते खालच्या पानांवर पडते आणि त्यावर काळी बुरशी वाढते. अशा वेळी जहाल कीटकनाशक मारण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण या माशीच्या पिलांत अंडी घालणारी एक बारीक गांधीलमाशी असते आणि औषधाने आधी तीच मरते. पाण्याचा जोरदार फवारा आणि पिवळे चिकट कागद, एवढ्यावर धीर धरावा.

वेलभाज्यांची फळमाशी तर कुंपण मानतच नाही. दुधी, कारली, पडवळ यांच्या कोवळ्या फळात ती अंडी घालते, फळ वाकडे होते, सडते, गळते. आतली अळी मग मातीत उतरून कोश करते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यासाठी 'रक्षक' सापळा काढला आहे. त्यातल्या गंधाने नर माश्या आत येतात. ध्यानात ठेवायचे ते एवढेच की आंबा-चिकूच्या माशीसाठीचे आमिष वेगळे आणि वेलभाज्यांच्या माशीसाठीचे वेगळे. पण एका घराने सापळा लावला आणि शेजारच्या चार घरांनी सडकी फळे कुंपणाशी टाकली, तर उपयोग शून्य. गळलेले प्रत्येक फळ जाड पिशवीत बांधून दोन-तीन दिवस उन्हात ठेवावे किंवा हातभर खोल पुरावे. हे काम आळीने मिळूनच करायचे आहे.

आता जरा गंभीर विषयाकडे येते. बोईसर-तारापूर म्हटले की बाहेरचा माणूस आधी अणुऊर्जा केंद्राबद्दल विचारतो. ते १९६९ पासून चालू आहे आणि आसपासची माती, पाणी, भाजी, मासळी यांचे नमुने भाभा अणुसंशोधन केंद्राची तिथली पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा तपासत असते. घरच्या बागेला रोजचा संबंध येतो तो शेजारच्या औद्योगिक वसाहतीशी. तिथे रसायने, औषधे, कापड, पोलाद असे हजारावर कारखाने आहेत. तिने हजारो घरांना भाकरी दिली, हे विसरून चालणार नाही. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूरला १०० पैकी ९३.६९ गुण मिळाले आणि देशात पहिला क्रमांक लागला, हेही खरे आहे.

त्यामुळे आमच्याकडे पान करपले की 'कारखान्याचा वायू' असे लगेच म्हटले जाते. कधी ते खरे असते, कधी नसते. आम्ही तीन प्रश्न ठरवले आहेत. किती जातींच्या झाडांवर डाग आले? किती वेळात आले? झाडाच्या कोणत्या बाजूला आले? बुरशी साधारणपणे एका जातीच्या झाडावर सुरू होते आणि काही दिवसांत पसरते. खारा वारा समुद्राकडच्या बाजूची पाने कडेने करपवतो आणि पावसाळी वादळानंतर किनाऱ्याच्या बहुतेक घरांत तेच दिसते. चिंचणीच्या एका बागेतले डाग याच कसोटीने खाऱ्या वाऱ्याचे ठरले. तिथे वादळानंतर पाने गोड्या पाण्याने धुणे आणि पश्चिमेला करंज किंवा उंडीची आडोशाची रांग लावणे, हाच इलाज.

पण जास्वंद, पेरू, वाल, टोमॅटो अशा एकमेकांशी नाते नसलेल्या झाडांवर, एकाच रात्रीत, एकाच बाजूने, शिरांच्या मधल्या भागात फिकट डाग आले तर हवेतल्या वायूची शंका घ्यायला जागा आहे. गंधकाचा वायू असे डाग पाडतो. फ्लोराईडचा वायू पानांची टोके जाळतो, ग्लॅडिओलसवर ते लवकर दिसते. बोईसरच्या एका गल्लीत असे डाग दिसले तेव्हा सात घरांनी तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि पानांचे फोटो एकत्र केले. एकट्याचे म्हणणे 'तुमच्या झाडाला कीड असेल' असे म्हणून बाजूला सारता येते. सात घरांची एकाच रात्रीची नोंद तशी सारता येत नाही. अशी नोंद घेऊन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करता येते. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनीही एकत्र येऊनच पाऊल उचलले होते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ साली लवादाने निकाल देताना प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना भरपाई भरायला सांगितले.

मग अशा ठिकाणी भाजी लावावी की नाही? मला हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांत लहान मुलांच्या आया अधिक असतात. लावावी, पण विचाराने. कारखान्यांच्या जवळ विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी तपासल्याशिवाय भाजीला घालू नये. सूर्या प्रकल्पाचे नळाचे पाणी किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. जमिनीची खात्री नसेल तर वाफा न करता बाहेरून आणलेली चांगली माती कुंडीत भरावी. जड धातू सर्व भाज्यांत सारखे साठत नाहीत. पालेभाज्यांत आणि मुळा-गाजरासारख्या कंदमुळांत ते जास्त येतात, तर भेंडी, वांगी, दुधी, टोमॅटो यांच्या फळांत कमी. म्हणून शंका असलेल्या जागी फळभाज्या लावाव्यात आणि पालेभाजी कुंडीत घ्यावी. पानांवरची धूळही धुऊन काढावी. शिसे बरेचदा धुळीतूनच येते.

माती तपासायची असेल तर डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी खात्याकडे चौकशी करावी. एक गोष्ट मात्र आधीच विचारा. नेहमीच्या माती परीक्षणात आम्लता, क्षार आणि नत्र-स्फुरद-पालाश यांचा अहवाल मिळतो. शिसे, कॅडमियम यांची तपासणी वेगळी असते आणि वेगळी मागावी लागते. 'माती चांगली आहे' असा अहवाल हातात आला म्हणजे त्यात धातू तपासलेलेच असतात, असे नाही. खर्च जास्त वाटला तर एका गल्लीने मिळून एक नमुना द्यावा.

शेवटी बियाण्यांविषयी. तारापूर प्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही किनाऱ्यावरची गावे उठली, लोकांना नवीन जागी घरे मिळाली. आता शहरे वाढताहेत तशा वाड्या जाऊन इमारती येताहेत आणि अनेक कुटुंबे अंगणातून बाल्कनीत गेली आहेत. घर हलवताना माती नेता येत नाही, आंबा नेता येत नाही. नेता येते ते बी, कंद आणि फांदी. आजीच्या परसातले पडवळ तुमच्याकडे संपले तरी ते शेजारी दिलेले असेल, तर परत मागून आणता येते. एकाच घरात ठेवलेले बी एका वाईट पावसाळ्यात संपते. पाच घरांत वाटलेले बी टिकते.

बी धरतानाही शेजाऱ्याला विचारावे लागते. मधमाशी एका दुधीचे पराग दुसऱ्या दुधीवर नेते. आसपास कुठे कडू भोपळ्याचा वेल असेल तर यंदाचे फळ गोड लागेल, पण त्याच्या बियांचा पुढच्या वर्षीचा दुधी कडू निघू शकतो. कडू दुधी विषारी असतो. चिरताना तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागला तर मायेने जपलेला असला तरी टाकून द्यावा. बियाण्यासाठी ठेवायच्या मादी फुलाची कळी आदल्या दिवशी दुपारी दोऱ्याने हलकेच बांधावी, संध्याकाळी ते उमलायच्या वेळी आपल्याच वेलाच्या नर फुलाचे पराग लावावेत आणि पुन्हा बांधून टाकावे. दुकानातून आणलेल्या संकरित बियाण्याची फळे मात्र बियांसाठी ठेवू नयेत, पुढची पिढी आईसारखी येत नाही.

तर मंडळी, दसऱ्यापूर्वीची कामे अशी. कुंड्यांची भोके मोकळी करा. वरची माती हलवून खत द्या. वाल, मेथी, मुळा, टोमॅटो यांची तयारी करा. पाऊस परतला की ऊन चटकन तापते, म्हणून आळ्यात सुक्या पाल्याचे आच्छादन घाला. एक वही करा आणि तीत तारीख, काय दिसले, कोणत्या बाजूला दिसले एवढेच लिहा. तशीच वही शेजाऱ्यालाही करायला सांगा आणि महिन्यातून एकदा दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचा. कंटोळीचा वेल आता वाळेल, पण कंद मातीत झोपलेला राहील. त्या जागी एक काठी रोवून ठेवा. नाहीतर हिवाळी भाजीसाठी वाफा खणताना कुदळ नेमकी त्याच्यावर बसते.